अर्ध्या तोंडाची टिकली

मागच्या रविवारी सकाळी फिरायला निघालो तर नागपुरात त्रिमूर्ती नगरच्या चौकात पोह्याच्या गाडीवर एका काकांनी थांबवलं, हातात तर्री पोह्याची प्लेट, आणि एकदम मनापासून विचारलं, ताई, कुत्रं छान आहे पण याचं तोंड अर्धंच कसं काय रंगलं? गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल याची गणतीच नाही. लिफ्टमध्ये विचारतात, भाजीवाली विचारते, डॉक्टरकडे वेटिंगमध्ये बसलेले लोक विचारतात. रस्त्यावर उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, फार मोठं आहे ते, आणि मला ते इतकं आवडतं की घाईघाईत सांगून टाकायची इच्छाही होत नाही. म्हणून आज बसून सगळंच लिहिते.

आधी हे कुत्रं, म्हणजे आमची टिकली, कशी दिसते ते. जॅक रसेल टेरियर, स्मूथ कोट म्हणजे आखूड सपाट केसांची, वजन साडेपाच किलो. अंग पांढरं. तोंडाची उजवी बाजू तपकिरी, आणि कसा तपकिरी तर संत्र्याची साल उन्हात आठ दिवस वाळवली की जो रंग येतो ना, तोच. आमच्या घरी उटण्यासाठी साल वाळत घालतात, त्या सुपाजवळ ती झोपली होती एकदा आणि मी चक्क शेजारी ठेवून पाहिलं, फरक सांगता येत नव्हता. हा रंग कपाळाच्या मधोमध सुरू होतो, उजवा डोळा, उजवा कान, गाल, जबड्यापर्यंत, आणि नाकाच्या सरळ रेषेत संपतो. डावी बाजू पांढरी. डावा कानसुद्धा पांढरा, आतून गुलाबी, त्यातल्या बारीक शिरा दिसतात. उजव्या डोळ्याची कड पूर्ण काळी, काजळ घातल्यासारखी, डाव्या डोळ्याची कड अर्धी काळी अर्धी गुलाबी. आणि शेपटीच्या मुळाशी दहाच्या नाण्याएवढा एक तपकिरी गोल. त्या गोलावरून नाव पडलं टिकली.

आम्ही तिला हिंगणा रोडकडच्या एका घरगुती ब्रीडरकडून आणलं. पाच पिल्लं होती. दोघांची तोंडं दोन्हीकडून सारखी रंगलेली, मधून पांढरी पट्टी, एकदम फोटोत दाखवतात तशी, ती दोन्ही पिल्लं डोळे उघडायच्या आधीच बुक झालेली. तिसरं ट्रायकलर म्हणजे काळं-तपकिरी-पांढरं, तेही गेलं. चौथं एक गेलं. राहिली ही. ब्रीडर म्हणाला, ही मिसमार्क आहे मॅडम, घ्यायची असेल तर तीन हजार कमी करतो. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, मी मान हलवली आणि पिल्लू उचललं. पण मिसमार्क हा शब्द डोक्यात राहिला, घरी येऊन मी शोधायला लागले की बरोबर मार्क म्हणजे नेमकं काय, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

तर बरोबर मार्क असं काही नाहीच. एफसीआय म्हणजे कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संघटना, तिने या जातीला २००० साली मान्यता दिली, ब्रिटनच्या केनेल क्लबने तर त्यानंतरही बरीच वर्षं थांबून २०१६ मध्ये, आणि स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी असावी याच्या लिखित वर्णनात, रंगाबद्दल एवढंच लिहिलंय की पांढरा रंग जास्त हवा आणि खुणा काळ्या किंवा टॅन हव्यात, टॅन अगदी फिकटही चालतो आणि गडद चेस्टनटही चालतो. तोंड दोन्हीकडून सारखं हवं असं कुठेही नाही. उंची, छातीचा घेर, शरीराचं प्रमाण, चाल यावर मात्र ओळींवर ओळी आहेत. छातीचा घेर का, तर हे कुत्रं बिळात शिरायचं काम करणारं, पुढच्या पायांमागे दोन्ही हातांच्या पंजात छाती मावली पाहिजे. टिकलीची मावते, मी पाहिलंय. म्हणजे जे मोजायला सांगितलंय ते कोणी मोजत नाही आणि जे लिहिलेलंच नाही त्यावर भाव ठरतो. सारखं तोंड हा आपला, म्हणजे गिऱ्हाइकांचा हट्ट आहे, त्यासाठी पिल्लू मागे पडतं हे मला आजही पटत नाही.

आणि गंमत बघा, या जातीची जी मूळ आई मानतात ती ट्रंप नावाची कुत्री. जॉन रसेल नावाचा ऑक्सफर्डमध्ये शिकणारा तरुण, पुढे डेव्हनमध्ये धर्मगुरू झाला, शिकारीचा भारी नाद, त्याने १८१९ साली एका दूधवाल्याकडे ही कुत्री पाहिली आणि तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं वर्णन लिहून ठेवलेलं आहे. अंग पांढरं, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद टॅन डाग, आणि शेपटीच्या मुळाशी एक ठिपका, पेनीच्या नाण्याएवढा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, टिकली पायाशी झोपलेली, मी मोबाईल बाजूला ठेवला आणि तिची शेपटी धरून तो गोल पाहत बसले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कुत्रीला जिथे ठिपका होता, तिथेच हिला.

पांढरा रंगच का, याचं कारण कामाचं आहे. कोल्हा तांबूस. त्याच्या मागे बिळात शिरलेला टेरियर मातीने भरून बाहेर आला आणि तोही तांबूस असला तर हाउंड कुत्र्यांना आणि शिकाऱ्यांना घाईत फरक कळायचा नाही, चुकून टेरियरच मारला जायचा. म्हणून पांढरे निवडत गेले. बाकीच्या जुन्या टेरियरांपैकी बरेचसे गडद रंगांचेच.

आता तोंड अर्धं का. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

पिल्लू आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असतं तेव्हा रंग बनवणाऱ्या पेशी त्याच्या सगळ्या कातडीत नसतातच. त्या पाठीच्या कण्याच्या रेषेत तयार होतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली निघतात. काही उजवीकडून, काही डावीकडून. वाटेत त्यांची संख्या वाढत जाते आणि जिथे पोचल्या तिथे ठाण मांडतात, तिथले केस रंगीत होतात. जिथे पोचल्याच नाहीत तिथे पांढरं. पांढरा हा रंग नाहीये, तिथे रंग देणारं कोणी नाही एवढंच. म्हणून तुम्ही कुठलंही थोडंसं पांढरं असलेलं कुत्रं बघा, आपल्या गल्लीतलंही, पांढरं कुठे असतं, तर पायाचे पंजे, छाती, पोट, शेपटीचं टोक, नाकाभोवती. पाठीपासून सगळ्यात लांब असलेल्या जागा. आणि ज्यांच्यात रंगाच्या पेशी फारच कमी पडल्या त्यांच्यात उलटं, सगळं पांढरं आणि रंग शिल्लक राहतो तो कान, डोळे आणि शेपटीचं मूळ एवढ्याच ठिकाणी. ट्रंपचा ठिपका आणि टिकलीचा ठिपका एकाच जागी असण्यात म्हणूनच योगायोग फारसा नाही, रंग मागे उरण्याची ती ठरलेली जागा आहे.

आणि उजव्या-डाव्या पेशी मुख्यतः आपापल्या बाजूनेच जातात. उजवीकडच्या पुरेशा वाढल्या, डावीकडच्या कमी पडल्या, की झालं अर्धं तोंड. पोह्याच्या गाडीवरच्या काकांना द्यायचं उत्तर एवढंच होतं खरं तर.

यामागचं जीन एमआयटीएफ, २००७ साली ते कुत्र्यांमधल्या पांढऱ्या रंगाशी जोडलं गेलं, बॉक्सर आणि बुल टेरियर या दोन जातींचा अभ्यास करून. आधी सगळ्यांना वाटायचं की पेशी हळू चालतात म्हणून पोचत नाहीत. मग २०१६ मध्ये बाथ आणि एडिनबरा विद्यापीठाच्या लोकांनी कबऱ्या उंदरांवर काम करून दाखवलं की चालण्याचा वेग कमी नसतो, वाढण्याचा कमी असतो. पेशी नीट चालतात पण मुळात पुरत नाहीत. आणि त्या सरळ रांगेत ठरवून चालत नाहीत, इकडेतिकडे जात जात पसरतात, त्यामुळे डाग नेमका कुठे संपेल हे आधीपासून लिहिलेलं नसतं. एकाच गायीचे क्लोन केले तरी त्यांच्या अंगावरचे डाग हुबेहूब सारखे येत नाहीत ते यामुळेच. म्हणजे टिकलीच्या आईवडिलांची पुन्हा पाचशे पिल्लं झाली तरी हे तोंड पुन्हा होणार नाही. मिसमार्क म्हणे.

बरं, हे सगळं जन्मताना एकदा ठरलं की संपलं असंही नाही. आणली तेव्हा टिकली पन्नास दिवसांची, पाय आणि छाती एकदम शुभ्र, धुतलेल्या सुती साडीसारखी. डिसेंबरमध्ये एका सकाळी तिच्या पुढच्या डाव्या पायावर बारीक बारीक तपकिरी ठिपके दिसले. मला वाटलं चिखल, ओल्या फडक्याने पुसलं. जाईना. दुसऱ्या दिवशी अजून दोन. मी घाबरले, वाटलं काही बुरशी वगैरे झाली, त्या आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका कुत्र्याला खरूज झालेली होती, म्हणून लगेच डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी केस बाजूला करून दाखवलं, कातडी एकदम छान, खाज नाही, कोंडा नाही, फक्त त्या जागचे आठ-दहा केस मुळापासूनच तपकिरी. म्हणाले टिकिंग आहे, येऊ द्या. पांढऱ्या जागेत नंतर उगवणारे ठिपके. जन्मतः दिसत नाहीत, काही आठवड्यांनी यायला लागतात आणि पुढे वाढत जातात, डाल्मेशियनची पिल्लंसुद्धा पांढरीच जन्मतात ना, तसंच थोडंफार. या टिकिंगचा आणि रोनचा, म्हणजे पांढऱ्यात रंगीत केस मिसळून येणाऱ्या रंगाचा, संबंध एका वेगळ्याच जीनशी आहे, यूएसएचटूए, हे २०२१ मध्ये कळलं, म्हणजे अगदी आत्ता.

आता तिच्या त्या पायावर सव्वीस ठिपके आहेत. उजव्या पायावर नऊ. मी मोजते. दर महिन्याच्या एक तारखेला खिडकीजवळच्या उजेडात तिला मांडीवर घेते, नखं कापायची असतातच, तेव्हाच मोजून वहीत लिहिते.

एक गोष्ट मात्र वेगळी, ती अंघोळीच्या वेळी कळते. केस ओले झाले की खालची कातडी दिसते आणि पोटावर, पाठीवर मोठे मोठे काळसर डाग दिसतात, वरून केस पूर्ण पांढरे असतानाही. पहिल्या वेळी धक्का बसतो. कातडीचा रंग आणि केसांचा रंग वेगवेगळा चालू शकतो, त्यात काळजीचं काही नाही. केस वाळले की डाग गायब. नाकाचंही तसंच, पिल्लू असताना नाक गुलाबी, मग त्यावर काळे थेंब पडल्यासारखे होतात आणि ते पसरत पसरत एक होतात. टिकलीचं नाक भरायला पाच महिने लागले, डाव्या नाकपुडीच्या कडेला अजूनही तिळाएवढी गुलाबी जागा आहे.

तिचा तो ट्रायकलर भाऊ, तो मनीष नगरमध्ये एका ओळखीच्या कुटुंबाकडे आहे. त्यांचा मला फोन आला होता चार महिन्यांनी, आवाजात खरंच राग, की आपल्याला फसवलं, आम्ही काळ्या तोंडाचं पिल्लू घेतलं होतं आणि हे तपकिरी होत चाललंय, कागदावर एक रंग आणि कुत्रं दुसरंच. ब्रीडरशी भांडायच्या तयारीत होते. मी त्यांना जुने फोटो घेऊन बसा म्हटलं. अशा पिल्लांचं तोंड जन्मताना जवळजवळ काळंच दिसतं, भुवयांवर आणि गालांवर टॅनची नुसती छटा असते, मग महिन्यामहिन्याने टॅन पसरतो आणि काळं मागे सरकतं. कधी पाठीवरची काळी चादर आक्रसून खोगिराएवढी उरते. त्यांच्या फोटोंमध्ये सगळं दिसत होतं, चाळीस दिवसांचा फोटो, सत्तर दिवसांचा, चार महिन्यांचा, डोळ्याच्या वरचे दोन ठिपके प्रत्येक फोटोत थोडे मोठे. मग ते शांत झाले. आता त्याला खूप जीव लावतात. पण ब्रीडरने देतानाच दोन वाक्यं सांगितली असती तर काय गेलं असतं? चाळीस दिवसांच्या पिल्लाचा रंग पाहून पैसे घेता, तर तो रंग बदलणार आहे हे सांगणं तुमचं काम आहे.

आता पोळ्याची गोष्ट. माझे सासरे काटोलजवळच्या गावी राहतात, संत्र्याचा बगीचा आहे, बैलजोडी आता नाही पण आयुष्य बैलांत गेलं. पोळ्याला आम्ही सगळे तिकडे गेलो, टिकलीसकट. बाबांनी तिला पाहिलं आणि पहिला शब्द काय, तर "कबरी हाय." मग जवळ बोलावून कपाळावर हात फिरवला, "अर्धा चांद हाय हिले." मला इतकं छान वाटलं ते ऐकून. दहा महिने मी मास्क, ब्लेझ, पाइबॉल्ड, टिकिंग असे खुणांचे इंग्रजी शब्द घोकत होते आणि बाबांकडे सगळे शब्द तयार होते. ढवळा, तांबडा, भुरा, कबरा, कपाळावर पांढरं असलं की चांद, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला घोडा पंचकल्याणी. केसांचा भोवरा कुठे आहे ते पाहून जुनी माणसं जनावर घ्यायची की नाही ते ठरवायची. बाबांनी टिकलीच्या छातीवरचे दोन भोवरे मला दाखवले, मी रोज तिला ब्रश करते पण ते माझ्या लक्षात आले नव्हते, केस दोन बाजूंनी येऊन मधे गोल फिरतात, अगदी लहान मुलाच्या डोक्यावर असतो तसे. आपल्याकडे जनावराच्या अंगाकडे इतकं बारकाईने पाहणारी भाषा आहे आणि आपण कुत्र्याच्या बाबतीत ती वापरतच नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं.

संध्याकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले होते, गावातले बैल पूजा होऊन गेलेले, अंगणात गेरूचे ठिपके सांडलेले, टिकली त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. बाबा टिचक्या वाजवत होते. बराच वेळ. मग मला हाक मारली.

"हे पाय बाई, हिले डाव्या कानानं आयकू येत नाई."

मी म्हटलं, बाबा असं काऊन म्हणता, ती तर हाक मारली की लगेच येते.

"येते ना. पन मी डावीकून टिचकी वाजवतो अन् ते उजवीकडं पायते. तीनदा पायलं मी."

मी बाजूला बसून पाहिलं. बाबांनी डावीकडे हात नेऊन टिचकी वाजवली. टिकलीचा उजवा कान उभा झाला, मान उजवीकडे वळली, तिथे कोणी नव्हतं, मग ती गोल फिरून शोधत शोधत आमच्याकडे आली. परत तेच. परत तेच. माझ्या पोटात गोळा आला. दहा महिने रोज माझ्यासोबत असलेलं पोर, आणि मला वाटत होतं की ही थोडी वेंधळी आहे, हाक मारली की आधी चुकीच्या खोलीत जाते.

नागपूरला परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान तपासले, आत मळ नाही, इन्फेक्शन नाही, पडदा ठीक. मग समजावून सांगितलं आणि तेव्हा मला कळलं की हे सगळं पुन्हा त्याच पेशींपाशी येऊन थांबतं. रंग बनवणाऱ्या पेशी फक्त कातडीत जात नाहीत, कानाच्या अगदी आतसुद्धा जातात, आणि तिथे त्यांचं काम केस रंगवायचं नसतं. ऐकण्यासाठी जो द्रव लागतो तो नीट ठेवणाऱ्या थरात त्या असतात. तिथे त्या पोचल्या नाहीत तर तो थर टिकत नाही आणि आवाज पकडणाऱ्या बारीक पेशी पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असतानाच मरून जातात. म्हणजे डावीकडून निघालेल्या पेशी कमी पडल्या, गाल पांढरा राहिला, कान पांढरा राहिला, आणि आतला दिवाही लागला नाही. पांढरा कान म्हणजे बहिरा कान असं मात्र मुळीच नाही, पांढऱ्या कानांची कितीतरी कुत्री छान ऐकतात, बाहेरचा कान पांढरा असला तरी आत पेशी पोचलेल्या असू शकतात. फक्त ज्या जातींमध्ये पांढरं खूप आहे तिथे ही शक्यता धरून चालायची. डाल्मेशियनमध्ये हे जास्त दिसतं, बुल टेरियरमध्ये पांढऱ्यांत रंगीत कुत्र्यांपेक्षा जास्त, जॅक रसेलमध्ये कमी पण आहे.

पक्कं सांगायचं तर बेअर टेस्ट करावी लागते, डोक्याला बारीक इलेक्ट्रोड लावून एकेका कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत सिग्नल जातो का ते पाहतात, पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की करता येते. दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू घरीही लक्षात येऊ शकतं. पण एका कानाचं घरच्यांना सहसा कळतच नाही, कारण ते सगळं ऐकतं, फक्त आवाज कुठून आला ते त्याला सांगता येत नाही. आम्ही टेस्ट केली नाही, डॉक्टर म्हणाले तुमच्या घरात राहायचंय तिला, त्यासाठी टेस्टची गरज नाही, फक्त पिल्लं होऊ देऊ नका. डिसेंबरमध्ये ऑपरेशन करून घेतलं.

हे मी इतक्या सविस्तर का लिहितेय, तर तुम्ही पांढऱ्या अंगाचं पिल्लू घ्यायला गेलात तर तोंड सारखं आहे का हे बघत बसू नका, एवढं करा. पिल्लू झोपलेलं असताना जमिनीला धक्का न लावता मागून हळूच किल्ल्या वाजवा. आधी एका कुशीवर असताना, मग दुसऱ्या कुशीवर. टिकली उजव्या कुशीवर झोपली, म्हणजे चांगला कान गादीत गेला, की दाराची बेल वाजली तरी उठत नाही. डाव्या कुशीवर असली की फ्रिजचं दार उघडलं तरी हजर. हे मला आता दिसतं, तेव्हा समोर असून दिसत नव्हतं.

आणि इन्स्टावर हल्ली रेअर मर्ल जॅक रसेल म्हणून जाहिराती येतात, निळसर चट्ट्यांची पिल्लं, दुप्पट भाव, आपल्या भागातल्या ग्रुपवरही फिरतात. कृपा करून घेऊ नका. मर्ल हा रंग या जातीतला नाहीच, दुसऱ्या जातीशी क्रॉस करून आणलेला असतो, आणि दोन मर्ल एकमेकांना लावले तर पिल्लांतली काही बहिरी, काही आंधळी, काही दोन्ही होऊ शकतात. वेगळा दिसतो म्हणून मुद्दाम असा रंग काढायचा आणि त्याची किंमत त्या जिवाने भरायची, हे फार वाईट आहे. माझ्या घरात एका कानाचं काय असतं ते मी रोज बघते, आणि ते तरी आपोआप झालेलं.

उन्हाळ्याबद्दल थोडं, कारण नागपुरात राहून हे टाळता येत नाही. पांढऱ्या कुत्र्याला ऊन कमी लागतं असं लोक म्हणतात, अर्धंच खरं आहे ते. मे महिन्यात सकाळी आठला गच्चीवर टिकली दोन मिनिटं उभी होती, मी एक हात तिच्या तपकिरी गालावर ठेवला आणि एक पांढऱ्या पाठीवर, तपकिरी जागा चांगलीच तापलेली, पांढरी तेवढी नाही. इथपर्यंत ठीक. पण पांढऱ्या केसांखाली जिथे कातडी गुलाबी आहे तिथे रंगाचं संरक्षणच नाही, आणि पोटावर, कानाच्या टोकाला केस विरळ, तिथे ती भाजते. टिकलीला थंडीतलं ऊन इतकं आवडतं की पोट वर करून तासभर पडते, पहिल्या जानेवारीतच पोटावर लाल पुरळ आलं. आता थंडीतही वीस मिनिटं झाली की उचलून आत. कानाच्या टोकांना डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम लावते, माणसांचं कुठलंही लावू नका, कुत्रं चाटतं आणि काही क्रीममधलं झिंक त्यांना चालत नाही. एप्रिल ते जून फिरणं पहाटे साडेपाचला, त्यानंतर ४५-४६ डिग्री होईपर्यंत ती आणि आम्ही कूलरसमोर.

फिरताना आमची एक पद्धत ठरलीय आता. आम्ही कायम रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो. भिंत किंवा झाडं तिच्या डाव्या बाजूला, जिथून तिला ऐकू येत नाही, आणि गाड्या मागून येतात त्या उजवीकडून, जिथे संत्र्याच्या सालीचा कान आहे. अंबाझरीकडच्या रस्त्याला पहाटे फारशी वर्दळ नसते, तरी एखादी दुधाची गाडी येते मागून. मला आवाज यायच्या आधी तिचा उजवा कान मागे वळतो, ती भिंतीकडे एक पाऊल सरकते, पट्टा माझ्या हातात थोडा ओढला जातो, आणि मग मीही सरकते.